रोज दिसणाऱ्या स्वामी बाई

बाईंना मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं.

गंगाखेडहून राणीसावरगावला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत एक लहानसं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी नेमणूक झाली, तेव्हा रुजू व्हायच्या दिवशी मी फाट्यावर उतरून रानातल्या वाटेनं चालत निघाले होते. शाळा अजून दिसत नव्हती, पण एका बाईचा आवाज कानावर यायला लागला. गोष्ट चालली होती. एक शेळी घरात कुणाला न सांगता एकटीच बाजाराला निघालेली, आणि वाटेत जो भेटेल त्याला काहीतरी वेगळंच कारण सांगत चाललेली. डाव्या हाताच्या रानात सात-आठ बायका कापूस वेचत होत्या. वेचत कुठल्या, कमरेला ओटी बांधून नुसत्या उभ्या होत्या. मी त्यांतल्या एकीला विचारलं, "शाळा इकडंच आहे का?"

तिनं माझ्याकडं न बघताच हात वर केला. "थांबा जरा. शेळी पुलापशी आलीय."

मधल्या सुटीत त्या सगळ्या जणी शाळेच्या भिंतीपाशी येऊन उभ्या राहिल्या. "सामीबाई, घंटा झाली आन् गोष्ट तितंच राह्यली की. पुढं काय झालं तिचं?" बाई हातात जेवणाचा डबा घेऊनच भिंतीपाशी गेल्या आणि घास खात खात त्यांनी शेळीला बाजारातून घरी आणून सोडलं. बायका समाधानानं रानात परत गेल्या. मग बाईंनी माझ्याकडं वळून विचारलं, "तू नवी का? जेवलीस का?"

महानंदा स्वामी हे त्यांचं पूर्ण नाव. गावात सगळे स्वामी बाई म्हणत, पोरं सामीबाई. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, कपाळावर विभूतीचे तीन बोटांचे पट्टे, गळ्यात चांदीच्या छोट्या डबीतलं लिंग. त्यांच्याकडं पहिली-दुसरीचे वर्ग असत आणि ते बदलून घ्यायला त्या कधी तयार झाल्या नाहीत. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. आवाज गोड वगैरे नव्हता. जाडसर, थोडा खरखरीत, पण भरदार. दूरवरून बस येताना दिसली की आम्ही बाकीचे हात हलवायचो आणि बाई नुसतं "ओ दादा" म्हणायच्या. बस थांबायची.

गंगाखेडला आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर होती. सकाळची साडेआठची बस, ड्रायव्हरच्या मागची तिसरी सीट, खिडकीशी बाई आणि शेजारी मी. अशी अकरा वर्षं गेली. त्या सीटवर मी जेवढं बोलले, तेवढं नवऱ्याजवळही कधी बोलले नसेन.

बसायच्या आधी बाई एकच प्रश्न विचारायच्या. "कशी हायस?"

मी म्हणायची, "बरी आहे."

"बरी हे काई उत्तर न्हाई. काय झालं ते सांग."

आणि स्वतःचं तर न विचारता सांगायच्या. "आज अण्णाशी भांडले. चूक माजीच होती, पण मी कबूल केली न्हाई. संध्याकाळी करीन." अण्णा म्हणजे त्यांचे यजमान. कारखान्यात नोकरीला होते, अतिशय मितभाषी. बाईंचा आवाज असा, की भांडण मागच्या सीटपर्यंत पोचायचं. दुसऱ्या दिवशी तिकीट देता देता कंडक्टर विचारायचा, "बाई, केली का कबूल?" आणि बाई खरं असेल ते सांगायच्या. कधी "केली", कधी "राह्यली".

नटून-सजवून सांगणं त्यांना जमत नसे. एकुलत्या एक लेकीला, पल्लवीला, बारावीत कमी गुण पडले. दुसऱ्या आया पोरांच्या टक्क्यांत दोन-चार वाढवून सांगत होत्या. बाईंनी शाळेत पेढे आणले आणि म्हणाल्या, "एकसष्ट टक्के पडलेत. लय न्हाईत. पण पोरगी पास झाली, तोंड गोड करा."

एक दिवस मात्र मी कधी विसरणार नाही. लग्नानंतर चौथ्या वर्षी मला दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यात ते गेलं. घरच्यांनी सांगितलं, बाहेर बोलू नको. मी आठ दिवसांनी कामावर निघाले. शाळेत कळवलं होतं की ताप आला होता. बसमध्ये बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "बरी आहे. ताप होता." त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग उठून उभ्या राहिल्या आणि कंडक्टरला म्हणाल्या, "दादा, आमाला इथंच उतरायचंय."

"बाई, इथं कुठं? शाळा पुढं हाय की."

"ठाऊक हाय मला शाळा कुठं हाय."

कुठल्याशा फाट्यावर आम्ही उतरलो. एक बाभळ, खाली दोन दगड. बस धूळ उडवत गेली. बाई दगडावर बसल्या, पदरानं दुसरा दगड झटकला आणि म्हणाल्या, "पुढची गाडी दीड तासानं हाय. आता बोल." मी बोलले. त्या दीड तासात त्यांनी मला एकदाही "होतं असं" किंवा "पुन्हा होईल" असं म्हटलं नाही. फक्त एकदा विचारलं, "नाव ठिवलं होतंस का मनात?" मी ठेवलं होतं. ते मी त्या दिवशी मोठ्यानं उच्चारलं. दोघींची अर्ध्या दिवसाची रजा पडली.

फोटोंचा जमाना तेव्हा नुकता सुरू होत होता. शाळेतल्या प्रत्येक उपक्रमाचा फोटो वर पाठवायचा असे. एकदा मुलं हात धुताना दाखवायची होती. शाळेतला हातपंप महिनाभर बंद होता. मुख्याध्यापकांनी शेजारच्या विहिरीवरून दोन बादल्या आणवल्या, मुलांना पंपाभोवती उभं केलं आणि तांब्यानं पाणी घालून फोटो काढला. फोटो फार छान आला. पंप चालूच आहे असं वाटावं असा. बाई तो फोनवर बघत बसल्या.

"सर, फोटो पाठवा. पण खाली लिहा, पंप बंद हाय, पाणी बादलीचं हाय."

सर हसले. "बाई, असं कुणी लिहितं का?"

"मंग मी लिहिते." आणि त्यांनी सरांच्याच फोनवर एकेक अक्षर शोधत ते लिहिलं आणि पाठवून दिलं. सर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी पंप दुरुस्त करायला माणूस आला. तेव्हा सरच पहिल्यांदा पंपावर हात धुवायला गेले आणि तिथूनच म्हणाले, "बाई, या, खरं पाणी आलंय."

मग बदल्या झाल्या. मला परभणी तालुक्यात झरीच्या बाजूची शाळा मिळाली आणि आम्ही परभणीला बिऱ्हाड केलं. परभणी ते गंगाखेड म्हणजे रेल्वेनं तासाभराची वाट. शेवटच्या दिवशी बसमधून उतरताना मी रडत होते आणि बाई म्हणत होत्या, "रडायलीस कशाला? तासाच्या वाटेवर हायस. दर महिन्याला यायचं."

पहिलं वर्ष फोन होत होते. दर रविवारी. मग सणासुदीला. जुन्या शाळेतल्या आम्ही सात जणांनी मोबाइलवर एक ग्रुप केला होता, त्यावर सगळ्यांचं सगळं कळायला लागलं आणि फोन करायचं काही कारण उरेना. वाढदिवसाला केकचं चित्र, आजारी पडलं की हात जोडलेले, कुणी गेलं की पुन्हा हात जोडलेलेच.

बाई निवृत्त झाल्या. पल्लवीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली होती. तिनं आईला मोठा फोन घेऊन दिला आणि स्टेटसला फोटो ठेवायला शिकवलं. तेव्हापासून रोज सकाळी सात-सव्वासातला बाईंचं स्टेटस यायचं. दारातली लाल जास्वंद. तव्यावर टम्म फुगलेली ज्वारीची भाकरी. पेपर वाचणारे अण्णा. सोमवारी महादेवाची पिंड, बेल वाहिलेली. मी चहाचं आधण ठेवलं की आधी ते बघायची. बघितलं की वाटायचं, चला, बाई भेटल्या. एक लाल बदाम पाठवायचा आणि कामाला लागायचं.

मी तरी वेगळं काय करत होते? माझ्या मुलानं, रोहननं, इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. सहा-सात महिने तो खोलीतून बाहेर येत नव्हता. जेवणाचं ताट दाराशी ठेवावं लागायचं. त्याच्या वाढदिवसाला मी केक आणला, त्याला हाताला धरून टेबलापाशी उभं केलं, एक फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. फोटो काढून होताच तो आत निघून गेला. केक तसाच राहिला. दहा मिनिटांत सहाही जणांचे आशीर्वाद आले. बाईंनी लिहिलं, "बाळाला उदंड आयुष्य. तुमचं सगळं छान चाललं आहे, बघून आनंद झाला." मी बदाम पाठवला. बसमध्ये असते, तर पुढच्या फाट्यावर उतरवलं असतं त्यांनी मला.

आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले, तेव्हा गंगाखेडला एका मंगल कार्यालयात निरोपाचा कार्यक्रम ठेवला. सरांनी ग्रुपवर आधीच सांगितलं होतं की दोन शब्द स्वामी बाईंनीच बोलायचे, दुसरं कुणी नाही. बाईंनी उत्तर पाठवलं, "सर, क्षमा करा. पल्लवीकडे पुण्याला आले आहे. मनाने तिथेच आहे." सोबत पुण्यातल्या गच्चीवरचा फोटो. बाई कुंड्यांमध्ये उभ्या राहून मोकळं हसताहेत. सर हळहळले. पण फोटो बघून सगळ्यांना बरं वाटलं. कार्यक्रमात कुणीतरी म्हणालंही, "सगळ्यात सुखी कोण असेल तर स्वामी बाई."

कार्यक्रम लवकर संपला. माझ्या गाडीला दोन तास होते. बाईंच्या नावाची शाल आणि नारळ आम्ही बाजूला ठेवला होता. मी म्हटलं, घर जवळच आहे, शेजारी ठेवून येते. पायी निघाले. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. ती चालू होती, बाहेरच्या फळीवर डबे रांगेनं ठेवलेले आणि त्यातल्या एका डब्याशी बाई उभ्या होत्या.

मला आधी वाटलं, बाईंसारखं दुसरं कुणी असेल. बरीच वाळलेली बाई होती. गळ्याला पांढरा पातळ रुमाल बांधलेला. पण कपाळावर ते तीन पट्टे होते.

"बाई?" मी ओरडले.

त्यांनी वळून बघितलं. अकरा वर्षांत मी त्यांचा चेहरा तसा कधी बघितला नव्हता. पाटीमागं चिंच खाताना पकडलेल्या पोरीसारखा. मग त्या हसल्या आणि काहीतरी बोलल्या. गिरणीच्या आवाजात मला ऐकू येईना. मी कानाला हात लावला, जवळ गेले, म्हटलं, "काय म्हणालात?" त्या पुन्हा बोलल्या. तेवढ्यात दळण बदलायला गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली. सगळं एकदम शांत झालं. बाईंचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. गळ्यावरचा रुमाल तेवढा श्वासाबरोबर आतबाहेर होत होता आणि त्यातून फुस्स असा बारीक वारा निघत होता.

गिरणीवाला पीठ झटकत बाहेर आला. "ताई, बाईंना बोलता येत न्हाई. दीड साल झालं की. तुमाला ठाऊक न्हाई का?"

त्याला माहीत होतं. रांगेतल्या बायकांना माहीत होतं. भाजीवाल्याला माहीत होतं, दूधवाल्याला माहीत होतं. रोज सकाळी बाईंना बघणाऱ्या आम्हा सहा जणांपैकी एकालाही नव्हतं.

घरी अण्णांनी दार उघडलं. मला बघून ते बाजूला झाले. त्या दिवशी मी अण्णांना पहिल्यांदा सलग चार वाक्यं बोलताना ऐकलं. निवृत्तीनंतर वर्षभरात आवाज बसायला लागला. आयुष्यभर शिकवलं, घसा असाच राहणार, म्हणून सहा महिने गुळण्यांत आणि काढ्यांत गेले. मग गिळायला त्रास व्हायला लागला, तेव्हा हैदराबादला नेलं. "गाठ निघाली. आवाजाची पेटीच काढली सगळी. गळ्याला भोक हाय, तितूनच श्वास घ्यावा लागतो. लय तकलीफ झाली तिला." एवढं बोलून ते चहा करायला आत गेले.

बाईंनी कोनाड्यातून एक दोनशे पानी वही आणि पेन आणलं. वही अर्ध्याहून अधिक भरलेली होती. माझ्या समोर बसून त्यांनी लिहिलं आणि वही माझ्याकडं फिरवली.

"चहात साखर किती घेतेस हल्ली?"

पहिलीच्या पोरांना गिरवायला देतात तसं गोल, सुटं अक्षर. मी ते वाचलं आणि मला एक गोष्ट जाणवली. बाई बोलायच्या ते "न्हाई", "हाय", "लय". लिहायच्या मात्र पुस्तकासारखं. शिक्षिकेचा हात होता तो, चुकीचं लिहूच शकत नव्हता. म्हणजे त्या गळ्यातून त्यांची बोलीही निघून गेली होती. ग्रुपवर दीड वर्ष येत होतं ते असलंच शुद्ध मराठी होतं, आणि आमच्यापैकी कुणाला कधी वाटलं नाही की बाई अशा बोलत नाहीत.

मी विचारलं, "बाई, मला का नाही सांगितलं?"

त्यांनी बराच वेळ लिहिलं. अण्णा चहा ठेवून गेले तरी लिहीत होत्या. मग वही दिली.

"पहिले सहा महिने फोन वाजेल याचीच भीती असायची. कोणी म्हणालं, बाई बोला, तर काय करायचं? अण्णांना शिकवून ठेवलं होतं, कोणीही विचारलं तर सांगा, आंघोळीला गेली आहे. पण कोणाचा फोन आलाच नाही. मग भीती गेली."

त्यात तक्रार नव्हती. असती तर सोपं गेलं असतं. त्यांनी नुसतं घडलं ते सांगितलं होतं, बसमध्ये सांगायच्या तसंच. मी ते दोनदा वाचलं. मग म्हटलं, "पण ते फोटो, बाई. रोज इतके छान..."

"फोटो खरे आहेत. जास्वंद माझीच आहे. भाकरीही मीच केलेली. फक्त पुण्याचा तो जुना, ऑपरेशनच्या आधीचा." आणि खाली लिहिलं, "तुमच्या सगळ्यांच्या कानात माझा आवाज होता. म्हटलं, तेवढा तरी राहू दे."

मग त्यांनी वही जवळ ओढली. "रोहन कसा आहे? कॉलेज कसं चाललंय?"

मी तोंड उघडलं. "बरं" एवढं येतच होतं ओठांवर. बाई माझ्याकडं बघत होत्या. मी सगळं सांगितलं. बंद खोली, दाराशी ठेवलेलं ताट, न कापलेला केक. सांगता सांगता रडले. बाईंनी पेन उचललं नाही. माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि माझा हात दोन्ही हातांत धरून ऐकत राहिल्या. मधे मधे गळ्यातून तो बारीक वारा यायचा, मग त्या रुमाल बदलायच्या आणि पुन्हा हात धरायच्या. गाडीची वेळ झाली तेव्हा त्यांनी एवढंच लिहिलं, "खोलीत जा त्याच्या. बोलायला सांगू नकोस. नुसती बस. आणि ग्रुपवर कोणाला माझं सांगू नकोस."

मी रोहनच्या खोलीत जाऊन बसायला लागले. तीन आठवड्यांनी तो पहिलं वाक्य बोलला. ते बाईंनी केलं असं मी समजते.

ग्रुपवर मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्वंद आली. कुणी लिहिलं, "बाई, काय टवटवीत." कुणी लिहिलं, "एकदा तुमची गोष्ट ऐकायची आहे, रेकॉर्ड करून पाठवा." बाईंनी उत्तर दिलं, "नक्की, वेळ मिळाला की."

मी ठरवलं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गंगाखेडला जायचं. पहिले तीन महिने मी गेलेही. दुसऱ्या वेळी धपाटे करून नेले, तर अण्णांनी सांगितलं की तिला आता पातळच चालतं. तिसरी भेट झाली तेव्हा बाई आणखी वाळल्या होत्या. हैदराबादच्या दवाखान्याची तारीख जवळ आली होती. चौथ्या महिन्यात शाळेत तपासणी होती. पाचव्यात माझ्या नणंदेकडे लग्न. सहाव्यात काय होतं, ते मला आता आठवतही नाही. रोज सकाळी स्टेटस येत होतं. मी बदाम पाठवत होते. सगळं कळल्यानंतरही, गिरणीपाशी ते ओठ बघितल्यानंतरही, माझ्या मनात रोज हेच यायचं की दिसताहेत ना बाई, म्हणजे आहेत ठीक. एकदाच्या अडाणीपणाची माफी असते. हे दुसऱ्यांदाचं होतं.

बाई गेल्या ते मला ग्रुपवरच कळलं. दुपारची सुटी होती. त्यांच्याच नंबरवरून पल्लवीनं लिहिलं होतं. वर बाईंचा गच्चीवरचा तोच हसरा फोटो. पाच मिनिटांत जोडलेले हात ओळीनं यायला लागले. कुणीतरी लिहिलं, "विश्वास बसत नाही. आज सकाळीच तर स्टेटस बघितलं."

मीही बघितलं होतं. बदामही पाठवला होता.

मी पोचले तोवर माती देऊन झाली होती. त्यांच्यात बसवून माती देतात. घरात माणसं खाली मान घालून बसली होती. पल्लवी माझ्या गळ्यात पडून रडली आणि मग म्हणाली, "मावशी, शेवटचे पंधरा दिवस आईला उठवत नव्हतं. फोटो मीच टाकत होते. तिनंच लिहून दिलं होतं, बंद करू नको, लोक काळजी करतील."

अण्णा कोपऱ्यात बसले होते. मी त्यांच्यापुढं गेले आणि म्हटलं, "अण्णा, मी यायला पाहिजे होतं."

ते म्हणाले, "व्हय." आणि थोड्या वेळानं, "ती गाडीच्या टायमाला दाराकडं बगायची." मला वाईट वाटावं म्हणून ते बोलले नव्हते. बाईंबरोबर इतकी वर्षं काढलेला माणूस, घडलं ते सांगणार.

बाई मला आठवतात त्या तिसऱ्या भेटीच्या दिवशीच्या. तीच शेवटची. दुपारची गाडी होती, आणि नको नको म्हणत असताना बाई अण्णांना घेऊन स्टेशनवर सोडायला आल्या. वही घरीच राहिली. मला खिडकीजवळची जागा मिळाली. बाई बाहेर खिडकीचा गज धरून उभ्या राहिल्या. आम्ही नुसत्या एकमेकींकडं बघत होतो. गाडी हलली आणि बाई एकदम बोलायला लागल्या. गजावरचा हात न सोडता गाडीबरोबर चालत, दुसऱ्या हातानं खुणा करत, काहीतरी लांबलचक. एकदा स्वतःकडं बोट केलं, एकदा माझ्याकडं, मग दूर कुठंतरी. ओठ भराभर हलत होते. त्यातला एकही शब्द मला ओळखता आला नाही. गाडी वेग घेत होती. मी मान डोलावली. म्हटलं, "हो बाई, हो. कळलं."

त्यांनी माझा चेहरा बघितला. त्यांचे ओठ मधेच थांबले. मग हसल्या, गज सोडला आणि हात वर केला.

ते काय होतं, हे मी नंतर विचारू शकले असते. घरी पोचून दोन ओळी लिहिल्या असत्या तर त्यांनी त्या शुद्ध अक्षरात सगळं लिहून पाठवलं असतं. मी लिहिलं, "सुखरूप पोचले."

गाडी वळणाला लागायच्या आधी मी गजाला गाल टेकवून मागं बघितलं. प्लॅटफॉर्म रिकामा झाला होता. बाई एका पायावर उभ्या राहून, अण्णांच्या खांद्याला धरून, चपलेत गेलेला खडा झटकून काढत होत्या आणि अण्णा त्यांच्याकडं तोंड करून काहीतरी बोलत होते.